लाइफटाइम वॉरंटी, पण कोणाच्या लाइफची?

दादाने पिस्तूल घेतलं त्याचं बिल मी पाहिलं होतं. कर धरून २१४ डॉलर. त्याच महिन्यात वहिनीने घेतलेल्या व्हॅक्यूम क्लीनरचं बिल याहून मोठं होतं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मूळचा कराडकडचा. टेक्सासमधल्या एका छोट्या शहरात पेट्रोल पंपाला जोडलेलं दुकान चालवतो. दूध, सिगारेट, बिअर, लॉटरीची तिकिटं. रात्री बारापर्यंत दुकान उघडं, आणि दहानंतर दुकानात तो एकटा. दोन वर्षांत त्याला दोनदा लुटलं. दुसऱ्या वेळी चोरट्याने पिस्तुलाची मूठ त्याच्या कानामागे मारली, सहा टाके पडले. आठवड्याभराने तो बंदुकीच्या दुकानात गेला. त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे त्याला पिस्तूल घेता येतं. माझ्यासारख्या व्हिसावाल्याला एरवी ते मिळत नाही. पार्श्वभूमी तपासणी झाली, सह्या झाल्या, तासाभरात पिस्तूल हातात.

मला बंदूक आवडत नाही, हे आधीच सांगतो. दादाने ती घेऊ नये म्हणून मी भांडलोही होतो. तरीही हा लेख बंदूक असावी की नसावी यावर नाही. त्या वादात एक तिसरीच गोष्ट दडपली जाते, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी कुणी बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे, ज्याच्या खिशात दोनशे डॉलर आहेत त्याला काय विकलं जातं, आणि ते बिघडलं की त्याच्याशी कसं बोललं जातं.

तिसरी गोळी

पहिल्या रविवारी आम्ही शूटिंग रेंजवर गेलो. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळी पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या तोंडात उभी राहिली, चुलीवरच्या धुराड्यासारखी. अमेरिकेत या बिघाडाला ‘स्टोव्हपाइप’ असंच म्हणतात. दादाने स्लाइड ओढली, ती हलेना. त्याने पिस्तूल वळवून दुसऱ्या हाताने जोर लावला, आणि त्या धडपडीत नळीचं तोंड माझ्याकडे वळलं. रेंजवरच्या माणसाने झडप घालून त्याचं मनगट धरलं आणि खाली दाबलं. कोणी ओरडलं नाही, कोणाला काही झालं नाही. पण ते दोन सेकंद मी विसरलेलो नाही.

सोमवारी कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई बोलल्या, अतिशय गोड. त्यांचा पहिला प्रश्न: मनगट घट्ट धरलं होतं का? दुसरा: गोळ्या कोणत्या कंपनीच्या? तिसरा: किती गोळ्या उडवल्या? दादा म्हणाला, तीन. त्यावर त्या म्हणाल्या, पहिल्या दोनशे गोळ्या ‘ब्रेक-इन’च्या असतात. तेवढ्या उडवा, मग पिस्तूल रुळेल.

दोनशे गोळ्या म्हणजे पन्नासएक डॉलर, वर रेंजचं भाडं. कारखान्यात जी चाचणी व्हायला हवी होती ती दादाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या तोंडापासून हातभर अंतरावर करायची. दादाने ती केली. मी मोजत होतो: एकोणीस वेळा अडकलं.

मग कंपनी म्हणाली, पाठवून द्या. १९२७ सालच्या कायद्यामुळे सामान्य माणसाला पिस्तूल सरकारी टपालाने पाठवता येत नव्हतं. खासगी कुरिअरचा तेव्हाचा नियम असा, की पिस्तूल पाठवायचं तर दुसऱ्या दिवशी पोचणाऱ्या महागड्या सेवेनेच. अडुसष्ट डॉलर, दादाच्या खिशातून. पिस्तुलाच्या किमतीचा जवळपास तिसरा हिस्सा. सात आठवड्यांनी पिस्तूल परत आलं, सोबत एक चिठ्ठी: तपासलं, दोष आढळला नाही. पुढच्या रविवारी पहिल्याच मॅगझिनला पुन्हा अडकलं.

बिलाच्या पाठीमागे ठळक अक्षरांत ‘लाइफटाइम वॉरंटी’ छापलेलं होतं. दादा म्हणाला, “कोणाचं लाइफ रे? माझं की त्यांचं?”

जितका गूळ तितकं गोड?

ही गोष्ट मी आमच्या मराठी मंडळातल्या एकाला सांगितली तेव्हा त्याने खांदे उडवले. “दोनशे डॉलरमध्ये काय मिळणार? जितका गूळ तितकं गोड.” तुमच्याही तोंडावर हेच आलं असेल. मला भांडायचं आहे ते या म्हणीशी.

कमी गुळात चहा कमी गोड होईल, हे मान्य. पण चहात काच निघाली, तर ‘दहा रुपयांत काय मिळणार’ असं म्हणता येत नाही. स्वस्त पंखा आवाज करेल, स्वस्त पंखा कुरूप असेल, पण स्वस्त पंखा डोक्यावर पडता कामा नये. किमतीनुसार कमी व्हायच्या गोष्टी वेगळ्या आणि किमतीला न जुमानता असायलाच हव्यात अशा गोष्टी वेगळ्या. पिस्तुलाच्या बाबतीत त्या फक्त दोन आहेत: चाप ओढला की सुटलं पाहिजे, आणि चाप ओढला नाही तर सुटता कामा नये. पकड, रंग, वजन, नेम, दिसणं, सगळं त्यानंतर.

आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. ‘अडकतंय तर बरंच आहे, कोणी मरणार नाही’ असं म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियातली एक गोष्ट सांगतो. ती कोर्टाच्या कागदांत आहे.

सात वर्षांचा मुलगा

१९६८ साली अमेरिकेत ‘गन कंट्रोल अॅक्ट’ आला. रॉबर्ट केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांचं ते वर्ष. या कायद्याने परदेशातून येणाऱ्या लहान, हलक्या, स्वस्त पिस्तुलांना दार बंद केलं. पण ते निकष आयातीला होते. तेच पिस्तूल देशात बनवायला कोणाची आडकाठी नव्हती. मग १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात जॉर्ज जेनिंग्ज याने ‘रेव्हन आर्म्स’ काढली. पुढे त्याच्या मुलाने, जावयाने, ओळखीपाळखीच्यांनी आपापल्या कंपन्या काढल्या: जेनिंग्ज, ब्रायको, डेव्हिस, लॉर्सिन. लॉस एंजेलिसच्या भोवती पसरलेल्या या कारखान्यांना डॉ. गॅरेन विंटेम्यूट यांनी १९९४च्या आपल्या अहवालात ‘रिंग ऑफ फायर’ म्हटलं. ही पिस्तुलं पोलादाऐवजी साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची. शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळणारी.

एप्रिल १९९४. उत्तर कॅलिफोर्नियातल्या विलिट्स गावात, एका घरात ब्रायकोचं .३८० पिस्तूल होतं. मुलाला सांभाळायला आलेला घरच्या ओळखीचा तरुण ते रिकामं करायला गेला. या पिस्तुलाची रचना अशी, की सेफ्टी लावलेली असेल तर स्लाइड मागे ओढताच येत नाही. म्हणजे गोळी काढायची तर आधी सेफ्टी उघडायची, म्हणजेच पिस्तूल उडवायच्या स्थितीत आणायचं. त्याने तेच केलं. गोळी सुटली आणि सात वर्षांच्या मुलाला लागली. मुलगा मानेखाली लुळा झाला.

आता खरा मुद्दा. अशी उलटी रचना कशासाठी? मुलाच्या वकिलांनी कोर्टात मांडलं ते असं: पहिल्या रचनेत सेफ्टी लावून स्लाइड ओढता येत होती, पण तसं केल्यावर पिस्तूल अडकायचं. अडकण्याचं मूळ कारण शोधून दुरुस्त करायच्या ऐवजी कंपनीने सेफ्टीच अशी बदलली की ती लावल्यावर स्लाइड हलूच नये. गिऱ्हाइकाला बिघाड दिसायचा बंद झाला. बिघाड गेला नाही, फक्त मुलाच्या बाजूला सरकला.

२००३ मध्ये ज्युरीने रचना सदोष ठरवली. एकूण भरपाई पाच कोटी डॉलरहून थोडी अधिक ठरली, त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा कंपनी, मालक आणि वितरकांवर आला. निकालानंतर लगेच कंपनीने आणि मालकाने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००४ मध्ये कंपनीची मालमत्ता लिलावात निघाली. मुलाच्या बाजूने वर्गणी काढून बोली लावली गेली. उद्देश एवढाच, की कारखान्यात पडलेली हजारो अर्धवट पिस्तुलं विकत घ्यायची आणि वितळवून टाकायची. पाच लाख दहा हजार डॉलरच्या बोलीवर ते हरले. जिंकला तो त्याच कारखान्याचा जुना फोरमन. त्याने स्वतःच्या नावाने कंपनी काढली आणि त्याच घराण्यातली पिस्तुलं विकायला लागला. ती कंपनीही २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली.

अशा धंद्यात ‘लाइफटाइम वॉरंटी’ या शब्दांचा अर्थ काय उरतो? कंपनी मरते, नाव बदलते, साचे तेच राहतात.

टिकल्यांची बंदूक आणि खरी बंदूक

तुम्ही म्हणाल, अमेरिका म्हणजे ग्राहकाचं राज्य. कॉफी अंगावर सांडली तरी खटला होतो. सरकार कशाला आहे?

सरकार आहे. १९७२ च्या कायद्याने तिथे ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोग नेमला गेला. पाळणे, खेळणी, टोस्टर, शिड्या, हे सगळं त्याच्या अखत्यारीत येतं. वस्तू धोकादायक निघाली तर तो ती बाजारातून मागे घ्यायला लावू शकतो. पण त्याच कायद्यात ‘ग्राहक-वस्तू’ची व्याख्या करताना एक ओळ आहे: करसंहितेच्या ४१८१व्या कलमाखाली ज्यांच्यावर कर लागतो त्या वस्तू यात धरू नयेत. ते कलम उघडून पाहिलं तर तिथे असतं: पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर, इतर बंदुका, काडतुसं. १९७६ मध्ये काँग्रेसने हीच गोष्ट पुन्हा एकदा पक्की केली.

परिणाम पाहा. दिवाळीत आपण टिकल्या उडवायची बंदूक घेतो, तसली खेळण्यातली बंदूक अमेरिकेत आयोगाच्या नजरेखाली येते. १९८८च्या कायद्यापासून तिच्या तोंडाशी नारिंगी खूण असावी लागते. छर्ऱ्याची बंदूकसुद्धा त्याच्याकडे येते. २००१ मध्ये आयोगाने डेझी या नामांकित कंपनीवर दावा लावला. आरोप असा, की तिच्या दोन मॉडेलांमध्ये छर्रा आत अडकून राहतो आणि वापरणाऱ्याला बंदूक रिकामी वाटते. अगदी योग्य दावा. पण हाच दोष खऱ्या गोळीच्या खऱ्या पिस्तुलात असेल, तर आयोगाला एक पत्रसुद्धा पाठवायचा अधिकार नाही. खेळणं जितकं खरं होत जातं तितका कायदा पातळ होत जातो.

उरतं कोर्ट. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या कायद्याने, बंदुकीचा गुन्ह्यात वापर झाला म्हणून उत्पादकावर दावे लावण्याला मोठी आडकाठी घातली. सदोष रचनेचा दावा त्यातही लावता येतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दावा लावायला वकील लागतो, तज्ज्ञ लागतो, वर्षं लागतात. आणि त्याआधी कोणाला तरी गोळी लागावी लागते. दादाला नुसतं अडकणारं पिस्तूल आणि अडुसष्ट डॉलरची पावती घेऊन कोणता वकील उभा करणार?

सामुदायिक दाव्याने काय होतं तेही पाहू. ब्राझीलच्या ‘टॉरस’ कंपनीची पिस्तुलं अमेरिकेत परवडणाऱ्या किमतीत खपतात. २०१३ मध्ये आयोवातल्या एका पोलीस अधिकाऱ्याने दावा लावला: पाठलाग करताना पिस्तूल कमरेवरून पडलं आणि सेफ्टी लावलेली असूनही सुटलं. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण २०१५ मध्ये तडजोड केली. नऊ मॉडेल, जवळपास दहा लाख पिस्तुलं. परत केलं तर दोनशे डॉलरपर्यंत मिळतील. दहा लाख पिस्तुलं, आणि कोणत्याही सरकारी यंत्रणेने ‘ही वापरू नका’ असा हुकूम काढलेला नाही, कारण तो काढायचा अधिकारच कोणाला दिलेला नाही.

महागड्यांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकी लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये सिग सॉअरचं पी-३२० पिस्तूल निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघड झालं, की नागरिकांना विकलेलं हे पिस्तूल विशिष्ट कोनात पडलं तर सुटू शकतं. कंपनीने जी घोषणा केली तिला ‘रिकॉल’ म्हटलं नाही, ‘व्हॉलंटरी अपग्रेड’ म्हटलं. शब्द पाहा. तुमच्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत, या, आम्ही तुम्हाला अपग्रेड देतो. फरक इतकाच, की महागड्या पिस्तुलाच्या बातम्या झाल्या. दोनशे डॉलरवाल्यावर लोक हसले.

दोन्ही बाजूंना प्रश्न

बंदुकीचे कैवारी म्हणतात, स्वसंरक्षण हा गरिबाचाही हक्क आहे. ठीक. मग हक्काच्या नावाने जी वस्तू विकली जाते ती चालते का, हे पाहण्याला तुमचा विरोध का? पिस्तुलांची तपासणी म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, असं तुम्ही अर्धशतक सांगत आलात. बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून संसदेच्या कायद्याने ‘प्रूफ हाउस’ चालू आहे. नेहमीपेक्षा जोरदार काडतूस उडवून तिथे नळी तपासतात, टिकली तरच शिक्का मारतात. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांना जे जमलं ते तुमच्या कारखानदारांना आज झेपत नाही?

बंदूकविरोधकांनो, म्हणजे माझ्याच बाजूच्या लोकांनो, आपणही स्वच्छ नाही. ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ असं हिणवत स्वस्त पिस्तुलांवर बंदी मागताना आपण किती वेळा पिस्तुलाबद्दल बोलत होतो आणि किती वेळा ते घेणाऱ्याबद्दल? रात्रपाळीचा दुकानदार, टॅक्सीवाला, वाईट वस्तीत एकटी राहणारी बाई, यांच्या भीतीला आपण गावंढळ म्हणतो आणि गेटवाल्या सोसायटीत राहायला जातो. बंदूक चांगली चालावी असं म्हटलं तर बंदुकीचं समर्थन होईल, म्हणून आपण गप्प बसतो. त्या गप्प बसण्याचा फायदा फक्त कारखानदाराला होतो.

आणि स्वस्त म्हणजे वाईट हे खरंही नाही. ओहायोतली हाय-पॉइंट ही कंपनी जस्ताच्याच मिश्रधातूची, दिसायला ओबडधोबड, जड पिस्तुलं बनवते. तिची टिंगल होते. पण मालक कितवाही असो, पिस्तूल पाठवा, दुरुस्त करून देतो, ही तिची वॉरंटी टिंगल करणारेसुद्धा मान्य करतात. म्हणजे कमी किमतीत गिऱ्हाइकाला माणसासारखं वागवता येतं. बाकीचे वागवत नाहीत, कारण वागवावं लागत नाही.

तपासणीही अशक्य नाही. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला, २००१ पासून तो लागू आहे. मॉडेलची तीन पिस्तुलं घ्यायची, प्रत्येकातून सहाशे गोळ्या उडवायच्या. पहिल्या वीस बिनचूक सुटल्या पाहिजेत, पुढे सहापेक्षा जास्त वेळा अडकता कामा नये. शिवाय मीटरभर उंचीवरून वेगवेगळ्या बाजूंनी टाकून पाहायचं, सुटलं तर नापास. त्या कायद्यात पुढे घातलेल्या इतर अटींवर वाद आहेत, ते असोत. पण ही मूळ चाचणी एखाद्या शाळकरी पोरालाही पटेल. दादाचं पिस्तूल दोनशे गोळ्यांत एकोणीस वेळा अडकलं होतं.

आपल्याला काय त्याचं?

पुण्यात किंवा नांदेडमध्ये फोनवर हे वाचणाऱ्याला वाटेल, आपल्याकडे पिस्तूल सहजी मिळत नाही, मग हे कशाला? आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे आणि परवाना दुर्मिळ आहे, ते चांगलंच आहे. पण भीती विकण्याचा धंदा आपल्याकडेही आहे. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून आणलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या जवळपास. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या कोणत्या मुलीच्या पर्समध्ये ते जाणार होतं? तिथे भीती महाग विकली, टेक्सासमध्ये स्वस्त विकतात. भिणाऱ्याच्या हाती दोन्हीकडे सारखंच काही लागत नाही.

आपल्या पेपरात रोज ‘गावठी कट्टा जप्त’ अशी बातमी असते. कट्टा हातात फुटला तर कोणी तक्रार करायला जात नाही, कारण जाणार कुठे? दादाकडे पक्कं बिल होतं, पार्श्वभूमी तपासणी होती, वॉरंटी होती, टोल-फ्री नंबर होता. तरी जाणार कुठे, हा प्रश्न तोच. पक्क्या पावतीचा गावठी कट्टा, एवढाच फरक.

आणि आपल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीवर एक अख्खं प्रकरण आहे. पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरमधला माणूस तुम्हाला “सर, ही तुमच्या वापरण्यातली चूक आहे” म्हणेल, तेव्हा ते उघडून वाचा. ‘मनगट घट्ट धरलं होतं का’ हा प्रश्न फक्त पिस्तूलवाल्यालाच विचारत नाहीत.

अमेरिकेत मागायच्या गोष्टी चार आहेत आणि त्यांतल्या एकीनेही कोणाची बंदूक जात नाही. कायद्यातली ती एक ओळ काढा. विकण्याआधी तपासणी सक्तीची करा. सदोष मॉडेलांची यादी सरकारने जाहीर करावी आणि ती मागे घ्यायला लावावीत. आणि वॉरंटीत दुरुस्तीला पाठवायचा जाण्यायेण्याचा खर्च कंपनीने द्यावा.

दादाचं पिस्तूल अजून आहे. त्याने ते दुसऱ्यांदा पाठवलं नाही. आणखी अडुसष्ट डॉलर कोण घालणार, म्हणाला. विकावंसंही वाटत नाही, कारण घेणाराही आपल्यासारखाच कोणीतरी असणार. ते काउंटरखालच्या खणात असतं. चोर आला तर ते सुटेल यावर त्याचा विश्वास नाही, आणि दुकान झाडताना खण हलला तर ते सुटणार नाही यावरही नाही. त्याचा मुलगा आता आठ वर्षांचा आहे. शनिवारी शाळा नसते तेव्हा तो दुकानात येऊन बसतो, आणि दादा दिवसभर त्या खणासमोर उभा राहतो.